शस्त्र, लेखणी आणि संसद : थॉमस वेकली यांचे चरित्र व आपण

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात कुवैद्याचा विचार करताना एक मार्मिक निरीक्षण नोंदवून ठेवले आहे. लोभापायी रुग्णांचा घात करणारा वैद्य समाजात निर्भयपणे वावरू शकतो, याचा दोष ते राजाकडे देतात. चरकाचार्यांनीही वैद्याचे वेष धारण करून फिरणाऱ्या छद्मचरांपासून सावध राहण्यास सांगितले आहे. म्हणजे वैद्यकाच्या शुद्धतेचा प्रश्न हा केवळ वैद्य आणि रुग्ण यांच्यातील प्रश्न नसून तो राज्यव्यवस्थेचाही प्रश्न आहे, ही जाणीव आपल्या संहिताकारांना पूर्णपणे होती. आज राजाच्या जागी संसद आहे. एखादा वैद्यच संसदेत जाऊन बसला आणि त्याने हा राजदोष दूर करण्याचा विडा उचलला, तर काय घडू शकते, याचे एक उत्तम उदाहरण एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये सापडते. त्या खासदाराचे नाव थॉमस वेकली. 'द लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकाचे संस्थापक म्हणून त्यांचे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. परंतु त्यांची संसदीय कारकीर्द आणि अन्न व औषधांतील भेसळीविरुद्ध त्यांनी दिलेला लढा यांची माहिती आपल्याकडे फारशी नाही. वैद्यवर्ग आणि औषधी दुकानांचे चालक या दोघांनाही या चरित्रातून घेण्यासारखे पुष्कळ आहे, असे आम्हांस वाटते.

पूर्वायुष्य

थॉमस वेकली यांचा जन्म ११ जुलै १७९५ रोजी इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डेव्हन परगण्यात मेंबरी या खेड्यात झाला. वडील मोठे शेतकरी होते आणि घरात अकरा भावंडे होती. लहानपणीच, वयाच्या सुमारे दहाव्या वर्षी, वडिलांच्या परिचयाच्या एका कप्तानाच्या जहाजातून हा मुलगा कलकत्त्यापर्यंत प्रवास करून आला. भारतभूमीशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध आला तो एवढाच.

पुढे त्यांनी टाँटन येथे एका औषध-विक्रेत्या वैद्याकडे उमेदवारी केली. त्या काळी इंग्लंडमध्येही वैद्यकाचे शिक्षण एक प्रकारच्या गुरुकुल पद्धतीनेच होत असे. १८१५ मध्ये ते लंडनला आले. सेंट थॉमस आणि गाय्ज या जोड रुग्णालयांत त्यांनी शिक्षण घेतले, सर अ‍ॅस्टली कूपर या तत्कालीन अग्रगण्य शल्यविदांची व्याख्याने ऐकली आणि १८१७ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे सदस्यत्व मिळविले. १८२० मध्ये एका सधन व्यापाऱ्याच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला आणि लंडनच्या अर्गाइल स्ट्रीटवर उत्तम चिकित्सालय सुरू झाले.

येथे एखाद्या यशस्वी वैद्याचे सुखी चरित्र सुरू व्हावयाचे. पण तसे घडले नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात एका रात्री काही इसमांनी त्यांच्यावर हल्ला करून घर जाळून टाकले. त्या वर्षीच मे महिन्यात मंत्रिमंडळाच्या हत्येचा कट रचणाऱ्या पाच जणांना फाशी देऊन त्यांची शिरे धडावेगळी करण्यात आली होती. ते काम करणारा मुखवटाधारी मनुष्य म्हणजे वेकलीच, अशी एक निराधार वदंता लंडनमध्ये पसरली होती व त्या सूडातून हा हल्ला झाला, असे मानले जाते. विमा कंपनीने त्यांनी स्वतःच घर जाळल्याचा आरोप करून पैसे नाकारले. वेकली न्यायालयात गेले आणि बाराशे पौंडांची संपूर्ण भरपाई त्यांनी मिळविली. मात्र चिकित्सालयाची घडी विस्कटली ती कायमची. अन्यायाने पोळलेला हा पंचविशीचा तरुण विल्यम कॉबेट या निर्भीड पत्रकाराच्या सहवासात आला आणि त्याच्या आयुष्याला निराळीच दिशा मिळाली.

'द लॅन्सेट'चा जन्म

५ ऑक्टोबर १८२३ रोजी 'द लॅन्सेट'चा पहिला अंक निघाला. लॅन्सेट म्हणजे सिरावेधासाठी अथवा गळू फोडण्यासाठी वापरावयाचे लहान धारदार शस्त्र. आपल्या परिभाषेत व्रीहिमुखाशी त्याचे नाते सांगता येईल. इंग्रजीत त्याच नावाने टोकदार कमानीची खिडकीही ओळखली जाते. पू बाहेर काढावयाचा आणि प्रकाश आत घ्यावयाचा, असा दुहेरी अर्थ या नावात सामावला आहे.

त्या काळी लंडनच्या रुग्णालयांतील मानाची पदे थोड्या घराण्यांच्या हाती होती. काका पुतण्यास आणि गुरू आपल्या सशुल्क शिष्यास पुढे आणीत असे. व्याख्याने ऐकण्यासाठी विद्यार्थ्यांकडून मोठी रक्कम घेतली जाई. १८२४ मध्ये तर रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने असा नियम केला की, ठरावीक शहरांतील आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांशी संबंधित शिक्षकांचीच प्रमाणपत्रे ग्राह्य धरली जातील. शरीररचना शिकविणाऱ्या खाजगी शाळांवर हा घालाच होता. वेकली यांनी ही कोंडी फोडण्यासाठी मोठ्या शल्यविदांची व्याख्याने लघुलेखनाने टिपून आपल्या साप्ताहिकात छापण्यास प्रारंभ केला. सहा पेन्स खर्च करून खेड्यातील वैद्यही ती वाचू लागला. सर अ‍ॅस्टली कूपर यांना हा उद्योग कोण करतो याचा संशय आला. ते अचानक वेकलींच्या घरी गेले, तो वेकली त्याच व्याख्यानांची मुद्रिते तपासत बसलेले! कूपर हसले आणि आपले नाव वगळण्याच्या अटीवर त्यांनी प्रसिद्धीस संमती दिली. जॉन अ‍ॅबरनेथी यांनी मात्र न्यायालयात धाव घेतली. मनाईहुकूम निघाला, तो पुढे उठला आणि छपाई चालू राहिली.

एका शस्त्रकर्माची कथा

वेकलींच्या पत्रकारितेतील सर्वांत गाजलेले प्रकरण अश्मरीच्या शस्त्रकर्माचे आहे. मार्च १८२८ मध्ये गाय्ज रुग्णालयात ब्रॅन्स्बी कूपर यांनी स्टीफन पोलार्ड नावाच्या एका श्रमिकावर मूत्राशयातील खडा काढण्याचे शस्त्रकर्म केले. निष्णात शल्यविदास त्या काळी ज्यासाठी काही मिनिटे पुरत, त्यास येथे जवळजवळ एक तास लागला. संमोहन औषधे तेव्हा उपलब्ध नव्हती, हे ध्यानात घ्यावे. बांधून ठेवलेला रुग्ण विव्हळत होता, शल्यविद एकामागून एक उपकरणे बदलीत होते आणि प्रेक्षागृहातील विद्यार्थी हे सारे पाहत होते. दुसऱ्याच दिवशी रुग्ण दगावला.

वेकलींनी हा वृत्तान्त नाट्यसंवादाच्या रूपात छापला आणि उघड प्रश्न विचारला : हे शल्यविद त्या पदावर आपल्या कौशल्यामुळे आहेत, की सर अ‍ॅस्टली कूपर यांचे पुतणे आहेत म्हणून? अब्रूनुकसानीचा दोन हजार पौंडांचा दावा दाखल झाला. डिसेंबर १८२८ मध्ये वेकलींनी स्वतःच आपली बाजू मांडली. निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. परंतु ज्यूरीने भरपाई दिली ती अवघी शंभर पौंड! वेकलींचा खर्च जनतेने वर्गणी काढून भरून दिला.

हा प्रसंग वाचताना सुश्रुत चिकित्सास्थानातील अश्मरीचा अध्याय आठवल्यावाचून राहत नाही. शस्त्रकर्म न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास यश संदिग्ध, अशा स्थितीत अधिपतीची अनुज्ञा घेऊनच शस्त्र हाती धरावे, असा तेथे संकेत आहे. वैद्याच्या कृतीला कोणी तरी जाब विचारणारा असावा, हेच त्याचे मर्म. लंडनमध्ये ती जागा रिकामी होती आणि एका साप्ताहिकाने ती भरून काढली.

संसदेत प्रवेश

केवळ लिहून भागणार नाही, कायदा बदलावा लागेल, हे वेकलींना लवकरच उमगले. १८३२ च्या सुधारणा कायद्याने लंडनमधील फिन्सबरी हा नवा मतदारसंघ निर्माण झाला होता. तेथे १८३२ व १८३४ मध्ये पराभव पत्करून जानेवारी १८३५ मध्ये ते निवडून आले आणि १८५२ पर्यंत त्यांनी ही जागा राखली. याच फिन्सबरीच्या विभाजनातून पुढे निर्माण झालेल्या मध्य फिन्सबरी मतदारसंघाने १८९२ मध्ये आपल्या मुंबईच्या दादाभाई नौरोजी यांना अवघ्या पाच मतांच्या आधिक्याने संसदेत पाठविले, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. लोकमताच्या बंडखोर बाण्याची परंपरा त्या मातीत जुनीच होती.

जून १८३५ मध्ये वेकलींनी संसद गाजविली ती वैद्यकीय विषयावर नव्हे. टॉलपडल या खेड्यातील सहा शेतमजुरांनी संघटना बांधताना गुप्त शपथ घेतली, एवढ्या कारणासाठी त्यांना सात वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा देऊन ऑस्ट्रेलियात धाडण्यात आले होते. त्यांच्या सुटकेसाठी वेकलींनी प्रदीर्घ भाषण केले. ठराव फेटाळला गेला, पण पुढच्याच वर्षी सरकारला त्या मजुरांना माफी द्यावी लागली. वृत्तपत्रांवरील मुद्रांक कराविरुद्ध ते बोलत राहिले. १८३४ च्या कठोर दरिद्री-कायद्यास त्यांनी सातत्याने विरोध केला. अँडोव्हर येथील अनाथालयवजा श्रमगृहात खतासाठी हाडे फोडण्याच्या कामावर लावलेले भुकेले लोक त्या हाडांवरील कुजके मांस आणि मज्जा खातात, ही भीषण गोष्ट १८४५ मध्ये त्यांनी सभागृहापुढे मांडली आणि तिची चौकशी झाली.

वैद्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा असा १८३६ चा कायदाही त्यांच्याच प्रयत्नांचे फळ होय. अपमृत्यूच्या चौकशीत साक्ष देणाऱ्या वैद्यास तोवर काहीही मोबदला मिळत नसे. या कायद्याने साक्षीसाठी एक गिनी आणि शवविच्छेदनासह दोन गिनी, असे मानधन निश्चित झाले. १८४६ मध्ये त्यांनी वैद्यांच्या नोंदणीचे विधेयक मांडले. ते तेव्हा संमत झाले नाही. तथापि त्या दिशेचा प्रवास अखेर १८५८ च्या वैद्यक कायद्यापर्यंत पोहोचला आणि त्यातून ब्रिटनची वैद्यक परिषद व अधिकृत नोंदवही अस्तित्वात आली.

मृत्यूची चौकशी करणारा वैद्य

१८३९ मध्ये वेकली पश्चिम मिडलसेक्सचे कॉरोनर, म्हणजे अपमृत्यूंचे चौकशी अधिकारी म्हणून निवडून आले. हे पद सामान्यतः वकिलांकडे असे. मृत्यूचे कारण ठरविणे हे वैद्याचे काम आहे, हा त्यांचा आग्रह होता. श्रमगृहांतील, कोठड्यांतील गोरगरिबांच्या मृत्यूचीही चौकशी होऊ लागली, तेव्हा खर्च वाढल्याची ओरड परगण्याच्या दंडाधिकाऱ्यांनी केली. पण वेकली मागे हटले नाहीत. जानेवारी १८४० मधील त्यांच्या एका चौकशीत कादंबरीकार चार्ल्स डिकन्स हे पंच म्हणून बसले होते.

१८४६ मध्ये हाउन्सलो येथे फ्रेडरिक जॉन व्हाइट नावाच्या सैनिकास दीडशे फटक्यांची शिक्षा देण्यात आली. चार आठवड्यांच्या आत तो मरण पावला. फटक्यांचा आणि मृत्यूचा संबंध नाही, असा निर्वाळा लष्करी वैद्यांनी दिला होता. वेकलींनी इरॅस्मस विल्सन या त्वचारोगतज्ज्ञाकडून पुन्हा तपासणी करविली आणि पंचांनी हा मृत्यू फटक्यांमुळेच झाल्याचा निर्णय दिला. त्याच वर्षी लष्करातील फटक्यांची कमाल संख्या पन्नासवर आणण्यात आली आणि १८८१ मध्ये ही शिक्षा लष्करातून रद्द झाली. एका शवपरीक्षेने साम्राज्याच्या सैन्याची शिस्त बदलली, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

मित्राची परीक्षा

वेकली केवळ शत्रूंवर तुटून पडत, असे नाही. लंडन विद्यापीठाच्या महाविद्यालयातील प्राध्यापक जॉन एलियट्सन हे त्यांचे स्नेही होते. स्टेथोस्कोपचा इंग्लंडमध्ये आरंभी पुरस्कार करणाऱ्यांपैकी ते एक. पुढे त्यांना 'प्राणि-चुंबकत्व' या उपचारपद्धतीची मोहिनी पडली. ओकी नावाच्या दोन भगिनींवर ते तिचे प्रयोग करीत. निकेल धातू चुंबकत्व वाहून नेतो आणि त्याच्या स्पर्शाने रुग्णास आचके येतात, शिसे मात्र निष्क्रिय असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ऑगस्ट १८३८ मध्ये वेकलींनी आपल्या बेडफर्ड स्क्वेअरमधील घरी साक्षीदारांसमक्ष परीक्षा घेतली. रुग्णेच्या दृष्टीआड त्यांनी निकेल दुसऱ्याच्या हाती सोपविला आणि प्रत्यक्षात शिसे लावले. त्याच वेळी तेथील एकाने निकेल फार जोराने लावू नका, असे तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात कुजबुजल्यासारखे केले. तत्क्षणी तिला आचके आले! निकेलचा परिणाम निकेलमुळे नव्हता, समजुतीमुळे होता. वेकलींनी मैत्री बाजूला ठेवून हे सारे छापले. वर्षअखेरीस एलियट्सन यांनी राजीनामा दिला.

आम्ही या प्रसंगाकडे वारंवार वळतो. वेकली आज असते, तर आपल्या शास्त्राकडे त्यांनी कोणत्या दृष्टीने पाहिले असते, याविषयी आम्हांस भ्रम नाही. होमिओपॅथीवर त्यांनी कठोर टीका केली, मॉरिसनच्या सर्वरोगहारी वनस्पतिज गोळ्यांवर त्यांनी झोड उठविली. आपल्यालाही त्यांनी सोडले नसते. परंतु त्यांनी आपल्याला जो प्रश्न विचारला असता, तो प्रश्न आपल्याच प्रमाणविचारात बसतो. आप्तोपदेशाला प्रत्यक्ष आणि अनुमान यांची जोड द्या, असे चरकाचार्य सांगतात. विमानस्थानात तद्विद्यसंभाषेचे जे दोन प्रकार वर्णिले आहेत, त्यांपैकी संधाय संभाषा आपणास प्रिय आहे. वेकली विगृह्य संभाषेचे होते, एवढाच भेद.

भेसळीविरुद्ध मोहीम

आता या चरित्रातील, औषधी व्यवसायाशी सर्वाधिक निगडित असलेल्या पर्वाकडे वळू.

इंग्लंडमध्ये कॉफीत चिकोरीची भेसळ सर्रास होत असे. अर्थमंत्री सर चार्ल्स वुड, जे १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्यामुळे आपल्या परिचयाचे आहेत, त्यांनी ही भेसळ ओळखता येत नाही, असे तज्ज्ञांच्या हवाल्याने संसदेत सांगितले होते. आर्थर हिल हॅसल या तरुण वैद्याने १८५० मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली कॉफी आणि चिकोरी यांच्या पेशी स्पष्ट निराळ्या दिसतात, हे दाखवून दिले. रसायनशास्त्राने जे साधले नव्हते, ते वनस्पतीच्या सूक्ष्म रचनेच्या ज्ञानाने साधले.

वेकलींनी हॅसल यांना हाताशी धरले. १८५१ पासून १८५४ पर्यंत 'द लॅन्सेट'मधून 'विश्लेषक आरोग्य आयोगा'चे अहवाल प्रसिद्ध होत राहिले. रासायनिक परीक्षणात हेन्री लेथबी यांचे साहाय्य होते. बाजारातून सामान्य गिऱ्हाइकाप्रमाणे नमुने विकत घ्यावयाचे, तपासावयाचे आणि निष्कर्ष छापावयाचे, अशी पद्धत ठरली. कॉफीच्या चौतीस नमुन्यांपैकी एकतीस भेसळीचे निघाले. पावाच्या एकोणपन्नास नमुन्यांपैकी एकही तुरटीवाचून नव्हता. मिठायांत शिशाचे आणि तांब्याचे विषारी रंग सापडले. अफू, जलाप, स्कॅमनी, इपेकाक यांसारख्या औषधी द्रव्यांचीही तपासणी झाली आणि तेथेही तोच अनुभव आला.

परंतु या मोहिमेचे खरे शस्त्र निराळेच होते. वेकलींनी दुकानदाराचे नाव आणि पत्ता छापला. भेसळ करणाऱ्याचाही आणि शुद्ध माल विकणाऱ्याचाही! अब्रूनुकसानीच्या दाव्यांची सारी जबाबदारी त्यांनी संपादक या नात्याने स्वतःच्या शिरावर घेतली. ज्याला आयुष्यभर न्यायालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, त्याने उतारवयात पुन्हा हा धोका पत्करला, हे विशेष.

१८५५ मध्ये संसदेने बर्मिंगहॅमचे खासदार विल्यम स्कोलफील्ड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हॅसल तिचे प्रमुख साक्षीदार होते. तरीही कायदा रेंगाळला. १८५८ च्या अखेरीस ब्रॅडफर्ड येथे एक दुर्घटना घडली. मिठाईत साखरेऐवजी स्वस्त पांढरी भुकटी मिसळण्याची तेथे रीत होती. ती आणावयास माणूस औषधविक्रेत्याकडे गेला. मालक आजारी, उमेदवार नवखा आणि तळघरातील पिंपावर नीट चिठ्ठी नाही. त्याने भुकटी समजून बारा पौंड सोमल तोलून दिला. त्या मिठाईने सुमारे वीस माणसे दगावली, त्यांत मुलेही होती, आणि दोनशेहून अधिक आजारी पडली. चिठ्ठीवाचून ठेवलेल्या एका पिंपाने हे सारे केले, हे प्रत्येक औषधी दुकानदाराने ध्यानी धरावे.

१८६० मध्ये भेसळप्रतिबंधाचा पहिला सर्वसाधारण कायदा झाला. त्यात विश्लेषक नेमणे ऐच्छिक असल्याने तो दुबळा ठरला. १८७२ च्या कायद्याने औषधांचा समावेश केला आणि १८७५ च्या अन्न व औषध विक्री कायद्याने ही व्यवस्था स्थिर पायावर उभी राहिली. वेकलींना ते पाहता आले नाही. क्षयाने ग्रासलेले वेकली हवापालटासाठी मदिरा बेटावर गेले असता १६ मे १८६२ रोजी त्यांचे निधन झाले. लंडनच्या केन्सल ग्रीन येथे त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. संपादकपदाची धुरा त्यांचे पुत्र जेम्स यांनी स्वीकारली.

वेकलींचे दोष झाकण्याचे कारण नाही. त्यांची भाषा पुष्कळदा मर्यादा ओलांडी, व्यक्तीवरील टीका आणि व्यवस्थेवरील टीका यांत त्यांनी नेहमीच भेद राखला नाही. त्यांच्याइतकी तीक्ष्णता सर्वांना पेलणार नाही. प्रत्येक व्रण शस्त्रसाध्य नसतो, हे आपण जाणतोच.

आपला आरसा

आता थोडे आपल्याविषयी.

काही वर्षांपूर्वी आमच्या चिकित्सालयात रक्तप्रदराच्या रुग्णांना अशोक-सालीच्या क्षीरपाकाचा अपेक्षित उपशय मिळेनासा झाला. निदान तेच, मात्रा तीच, अनुपान तेच. प्रथम आम्ही पथ्याला दोष दिला, मग ऋतूला, मग रुग्णांच्या सातत्याला. अखेर सालीचे तुकडे एका द्रव्यगुणतज्ज्ञ स्नेह्यांकडे नेले. ती साल खऱ्या अशोकाची नव्हतीच. रस्त्याकडेला उंच वाढणाऱ्या, ज्यास लोक अशोक म्हणतात, त्या आसुपालवाची होती. आम्ही माल परत केला. पुरवठादाराने वाद न घालता पैसे परत दिले. आणि आम्ही गप्प बसलो.

तो परत गेलेला माल पुढे कोणाच्या दुकानात गेला असेल? कोणा वैद्यबंधूने तो विश्वासाने वापरला असेल? कोणा भगिनीचा रक्तस्राव त्यामुळे लांबला असेल? या प्रश्नांची उत्तरे आम्हांस ठाऊक नाहीत, आणि ती ठाऊक नसण्याचे कारण आमचे मौन हेच आहे. वेकलींचे चरित्र प्रथम वाचले, तेव्हा सर्वांत आधी हे मौन आम्हांस बोचले.

हे केवळ अशोकापुरते नाही. मिऱ्यांत पपईच्या बिया, केशरात रंगविलेले तंतू, मधात साखरेचा पाक, विडंगाच्या नावाखाली दुसरीच फळे, हे आपल्या रोजच्या बोलण्यातले विषय आहेत. संमेलनांत भोजनाच्या वेळी आपण ते एकमेकांस सांगतो. व्यासपीठावरून मात्र कोणी बोलत नाही. चरकाचार्यांनी चिकित्सेच्या चतुष्पादांत द्रव्यास वैद्याच्या लगोलग स्थान दिले आणि त्याचा एक गुण 'संपत्' सांगितला. द्रव्यच खोटे असेल, तर उरलेले तीन पाद किती काळ तोलून धरणार?

कायदे आपल्याकडे आहेत. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात १९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदीय औषधांचा अंतर्भाव झाला. १९५४ च्या कायद्याने चमत्कारी उपायांच्या जाहिरातींवर निर्बंध आणले. २००० मध्ये परिशिष्ट 'टी' अन्वये उत्तम निर्मितीप्रक्रियेचे नियम आले. २००४ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या सत्तर आयुर्वेदीय उत्पादनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यांपैकी चौदांत शिसे, पारा अथवा सोमल आढळल्याचे सांगण्यात आले. तेव्हा आपल्यात मोठी खळबळ उडाली. शोधन-मारणाच्या संस्कारांचा विचार त्या अभ्यासात नाही, हा आपला आक्षेप होता आणि तो विचारार्ह आहे. परंतु बाजारातून नमुने घेऊन तपासण्याचे काम आपण स्वतः आधी का केले नाही, या प्रश्नाला त्या आक्षेपाने उत्तर मिळत नाही. घरातील केर घरच्यांनी काढला नाही, की तो शेजारी दाखवतो.

म्हणून एक नम्र सूचना संघटनेपुढे ठेवावीशी वाटते. प्रत्येक त्रैमासिकाच्या अंकासाठी दोन-तीन द्रव्ये निश्चित करावीत. त्यांचे नमुने सामान्य गिऱ्हाइकाप्रमाणे निरनिराळ्या बाजारपेठांतून, पावतीसह घ्यावेत. नमुन्यांवर केवळ क्रमांक घालून ते महाविद्यालयांच्या द्रव्यगुण विभागांकडे सूक्ष्मदर्शकीय परीक्षेसाठी आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे रासायनिक परीक्षेसाठी पाठवावेत. नमुना कोणाचा, हे परीक्षकास कळू नये. आरंभी केवळ शुद्ध ठरलेल्या विक्रेत्यांची नावे प्रसिद्ध करावीत. उरलेल्यांना लेखी कळवून सुधारण्याची संधी द्यावी आणि पुढील पाऊल कायदेशीर सल्ल्याने टाकावे. यात प्रामाणिक औषधी दुकानदाराचे नुकसान नाही, उलट लाभच आहे. आज खरी अशोक-साल विकणारा आणि खोटी विकणारा हे दोघे एकाच तागडीत तोलले जातात आणि खरी विकणारा महाग म्हणून मागे पडतो. त्याच्या पाठीशी आपण उभे राहिलो नाही, तर उद्या तोही खोट्याकडे वळेल, अथवा दुकान बंद करील.

या कामी पहिले नमुने आमच्या स्वतःच्या चिकित्सालयातील औषधी-भांडारातून घ्यावेत, असे आम्ही संघटनेच्या कार्यकारिणीस लेखी कळविले आहे. त्यात काही उणे निघाले, तर ते आमच्या नावासह याच पृष्ठांवर छापले जावे. वेकलींनी दुसऱ्याचे दोष छापण्याचे धैर्य दाखविले. आपण निदान स्वतःच्या भांडारापासून प्रारंभ करावा.